‘चांगल्यातलं सिमेंट घाला’: मुलांच्या दातात काय भरायचं, ते कसं ठरवायचं

"मॅडम, चांगल्यातलं सिमेंट घाला, पैशाचं बघू नका."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. ते बोलतात वडील. शेजारी बसलेली आजी लगेच म्हणते, "दुधाचाच दात हाय न्हवं? पडणारच की. त्याला कशाला सिमिट नि बिमिट?" एकाच पोराबद्दल, एकाच बाकड्यावर बसून दोघंही जिवाभावानं बोलत असतात, आणि दोघांचंही थोडं थोडं चुकत असतं.

आजीचं चुकतं ते दाताच्या वयाबद्दल. दुधाची मागची दाढ पोर दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत तोंडात असते. चार वर्षांच्या पोराची दाढ किडली आणि आपण ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली, तर सहा ते आठ वर्षं ते पोर त्या किडलेल्या दाढेनं भाकरी चावणार. वडिलांचं चुकतं ते सिमेंटबद्दल. ‘चांगल्यातलं’ असं एकच सिमेंट नसतं. एका दाढेत पाच वर्षं टिकलेला मालच शेजारच्या दाढेत दोन महिन्यांत निखळून पडतो. माल तोच, डॉक्टर तोच, पोरही तेच. फरक असतो तो खड्ड्यात.

म्हणून मटेरियलचं नाव विचारण्याआधी चार गोष्टी बघायच्या. त्या कळल्या की मटेरियल बहुतेक वेळा आपोआप ठरतं. डॉक्टर या चारही गोष्टी बघतातच, पण पालकांना त्या माहीत असल्या की दोघांचं बोलणं एका पातळीवर येतं आणि खुर्चीत बसलेल्या पोराचा वेळ वाचतो.

पहिली गोष्ट: दात कोणता, आणि त्याचे दिवस किती उरलेत

दुधाचे दात वीस. समोरचे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. दुधाची पहिली दाढ साधारण नऊ ते अकराव्या वर्षी पडते, दुसरी म्हणजे सगळ्यात मागची दहा ते बाराव्या वर्षी. आता पोराचं वय त्यातून वजा करा. चार वर्षांच्या मुलीची मागची दाढ असेल तर भरलेल्या मालाला सहा-सात वर्षं काम करायचंय. साडेनऊ वर्षांच्या मुलाची पहिली दाढ हलायला लागली असेल, तर तिथं महागडं काही भरणं म्हणजे पाडायला काढलेल्या घराला रंग देणं. अशा दाढेत मी कित्येकदा काहीच भरत नाही. दुखत नसेल, अन्न अडकत नसेल तर नीट घासायला सांगते आणि तीन महिन्यांनी बोलावते.

इथं एक दाढ फार फसवते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते. ती येताना कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. ‘दुधाची दाढ किडली’ म्हणून घेऊन येतात आणि मी तोंडात बघते तर ती कायमची दाढ! सत्तर वर्षं चालायची ती, आणि सातव्या वर्षीच तिला खड्डा. तोंडात एका बाजूला, मधल्या रेषेपासून मागं मोजत जा. सहाव्या नंबरवर दाढ दिसली तर ती कायमची. तिचा हिशेब वेगळा, तो पुढं येईल.

दुसरी गोष्ट: कीड दाढेच्या किती बाजूंना आहे

दाढेला वरचा चावायचा भाग असतो आणि चार भिंती. खड्डा फक्त वरच्या भागात असेल तर तो खळग्यातल्या पाण्यासारखा, चारी बाजूंनी आधार असलेला. त्यात काहीही भरा, बरं टिकतं. पण दुधाच्या दोन दाढा एकमेकींना सपाट टेकलेल्या असतात, मांडणीवर दोन डबे शेजारी लावल्यासारख्या. त्या फटीत ब्रश जात नाही. अन्न अडकतं, आणि दोन्हीकडच्या भिंती एकदमच किडतात. वरून बघितलं तर दाढ धडधाकट दिसते, फक्त कडेला करडी सावली. अशा वेळी छोटा एक्स-रे काढल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर ‘उगाच खर्च’ म्हणू नका. त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं.

भिंत गेली की भरलेल्या मालाला एका बाजूनं आधारच उरत नाही. घास पडला की कड तुटते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत कागलहून एक पाच वर्षांचा मुलगा यायचा. दोन दाढांच्या मधोमध कीड. तो रडत होता, आईला एसटी गाठायची होती, म्हणून मी दोन्ही दाढांत पटकन साधं पांढरं सिमेंट भरून दिलं. तीन महिन्यांत एक कड तुटली. परत भरलं. परत तुटलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा हिरडीवर पुवाची पुटकुळी होती. एक दाढ काढावी लागली आणि जागा आवळू नये म्हणून तारेची कडी बसवावी लागली. सिमेंट चांगल्या कंपनीचंच होतं. चूक माझी: जिथं कॅप, म्हणजे आख्खी दाढ झाकणारी टोपी, लागत होती तिथं मी सिमेंट भरलं होतं. त्या पोराच्या आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, ते आजही टोचतं.

तिसरी गोष्ट: दुखणं कसलं आहे

गोड किंवा गार खाल्लं की कळ येते आणि घास गिळला की थांबते, तर दाताची नस अजून जिवंत आणि बरी आहे. पोर रात्री झोपेतून उठून रडतं, ठणका अर्धा-अर्धा तास राहतो, त्या बाजूनं चावतच नाही, किंवा हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते, तर कीड नसेपर्यंत पोहोचली. दुधाच्या दाताचं वरचं कवच जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं, आणि आतली नस कायमच्या दातापेक्षा वर आलेली असते. त्यामुळे पोरांच्या दातात बारीक दिसणारा खड्डाही आत खोल गेलेला निघतो.

नस गेली असेल तर नुसतं वर काही भरणं म्हणजे आग लागलेल्या खोलीचं दार लावून घेणं. आधी नसेचा इलाज. नसेचा वरचा भागच बिघडला असेल तर तेवढाच काढून औषध ठेवतात. पूर्ण गेली असेल तर मुळांपर्यंत साफ करतात, ज्याला आपल्याकडे ‘लहान मुलांचं रूट कॅनल’ म्हणतात. दोन्हींनंतर दाढेवर कॅप हवीच, कारण पोखरलेली दाढ चिरते.

एक विनंती. दात दुखला की घरोघरी लवंगाच्या तेलाचा बोळा दाबून ठेवतात. पोरांच्या हिरडीला त्यानं भाजतं, पांढरे चट्टे येतात. आणि त्या तेलातल्या युजेनॉल नावाच्या घटकामुळं दातावर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा, लाइटनं घट्ट होणारा माल) नीट घट्ट होत नाही. लावलंच असेल तर निदान डॉक्टरांना सांगा. आणि धूर देऊन दातातली ‘अळी’ काढणाऱ्यांकडे तर जाऊच नका. दाताच्या किडीत कीडा नसतो. जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. बस्स.

चौथी गोष्ट: तोंड कोरडं राहील का

दात भरायचं बरंचसं मटेरियल ओल्या दातावर चिकटत नाही. चार वर्षांच्या पोराचं तोंड म्हणजे पाऊसकाळातला पन्हाळा. थुंकी येतच राहते, जीभ वळवळते, आणि ‘आ’ केलेलं तोंड दहाव्या सेकंदाला मिटतं. गेल्या महिन्यात एक चिमुरडी खुर्चीत बसून मला म्हणाली, "मी न्हाई उघडत तोंड. मी जातो घरला." (कोल्हापूरच्या पोरी ‘जातो’च म्हणतात, परगावच्या डॉक्टरांनी दचकू नये.) तिच्या दातात त्या दिवशी जगातलं सगळ्यात भारी कॉम्पोझिट भरायचं ठरवलं असतं, तर ते आठवड्यात निघालं असतं.

म्हणून विचारा: रबर डॅम लावणार का? दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावला की दात कोरडा राहतो आणि पोराच्या घशात पाणी जात नाही. मी पोरांना तो ‘दाताचा रेनकोट’ म्हणून दाखवते. पोर तो लावू देत असेल तर निवडीला भरपूर वाव. लावू देत नसेल तर ओल चालवून घेणारं, पटकन उरकणारं काहीतरी निवडायचं.

आता मटेरियल

चारही उत्तरं हातात आली की मग मालाकडे वळू.

ग्लास आयोनोमर. क्लिनिकमध्ये ज्याला सगळे नुसतं ‘सिमेंट’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट या संशोधकांनी ते तयार केलं. एका बाटलीत बारीक काचेची पूड, दुसरीत आम्लाचं द्रावण. कागदाच्या पॅडवर दोन्ही घोटायचं. घोटल्यावर ते ओल्या मेणासारखं चकाकतं, आणि त्या चकाकीतच ते दातात भरायचं असतं. चकाकी म्हणजे आम्ल अजून मोकळं आहे, दाताला धरून बसायला तयार आहे. मालाला मळकटपणा आला की पॅडवरचा गोळा फेकून नवा घोटायचा. असिस्टंटला मी सगळ्यात आधी हेच शिकवते. चांगल्या कंपनीचं सिमेंट चकाकी गेल्यावर भरलं, तर त्याचा उपयोग लापशीइतकाच.

या सिमेंटचे गुण दोन. एक म्हणजे ते दाताला रासायनिक बंधानं चिकटतं, त्यामुळे फारसं कोरायला लागत नाही. दुसरा म्हणजे ते हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं, आणि पेस्टमधलं फ्लोराइड परत थोडं शोषूनही घेतं. दोष एकच पण मोठा: ठिसूळ आहे. एकाच बाजूच्या खड्ड्यात मस्त. भिंत गेलेल्या दाढेत कागलच्या पोराची गत. घट्ट प्रकारचं, पोस्टरियर म्हणजे मागच्या दाढांसाठीचं सिमेंट त्यातल्या त्यात जास्त चिवट असतं. जीसी कंपनीचं फुजी नाइन त्यातलं नावाजलेलं. भरल्यावर वरून व्हॅसलीन किंवा कोटिंग लावायचं, नाहीतर पहिल्या काही तासांत ते ओलावा शोषतं किंवा सुकून तडकतं.

लहान वयाचं पोर, एक बाजू, रडारड, कोरडं राहत नाही: हे सिमेंट. ड्रिल न लावता फक्त हातानं मऊ कीड खरवडून त्यात हे भरायची पद्धत टांझानियात 1980च्या दशकात सुरू झाली. वीज आणि मशिन नसलेल्या गावांसाठी काढलेली ही पद्धत, आज मशिनच्या आवाजाला घाबरणाऱ्या पोरांसाठी शहरातही वापरली जाते. मी स्वतः अंगणवाडीतल्या पोरांवर ती करून बघितली आहे. पोरं रडत नाहीत, हीच अर्धी जिंकलेली लढाई.

रेझिन मिसळलेलं ग्लास आयोनोमर. वरच्याच सिमेंटमध्ये थोडं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, घातलेलं. निळ्या लाइटनं लगेच घट्ट होतं, थोडं जास्त चिवट, दिसायला बरं. छोट्या दोन-बाजूंच्या खड्ड्यात, दाढेला दोन-तीन वर्षंच काढायची असतील तर ही मधली वाट चांगली. सिमेंट आणि कॉम्पोझिटच्या मधलं, रंगीबेरंगी, चमचम असलेलं कॉम्पोमरही मिळतं. पोरांना ते फार आवडतं, पण चमकीमुळे दात जास्त टिकत नाही.

कॉम्पोझिट. दाताच्या रंगाचं, सुंदर, मजबूत. ज्याला लोक ‘लाइटवालं सिमेंट’ म्हणतात ते हे. पण ते भरायची पद्धत खडतर आहे. दातावर सदतीस टक्के फॉस्फरिक आम्ल लावायचं, पंधरा-वीस सेकंदांनी धुवायचं, सुकवायचं, चिकटवायचा द्रव लावायचा, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर भरत प्रत्येकावर लाइट मारायचा. या पूर्ण वेळात थुंकीचा एक थेंबही नको. पोर सात-आठ वर्षांचं, शांत बसणारं, रबर डॅम लावू देणारं असेल, तर कॉम्पोझिट छान. कायमच्या सहाव्या वर्षीच्या दाढेत मी शक्यतो हेच भरते, कारण ती दाढ पोराबरोबर म्हातारी होणार. पण ती दाढ अजून अर्धीच वर आली असेल, हिरडीचा पडदा अजून तिच्यावर असेल, तर आधी ग्लास आयोनोमर भरून सांभाळायची आणि पूर्ण आल्यावर, कोरडी ठेवता येऊ लागली की मग कॉम्पोझिट.

समोरच्या दातांनाही कॉम्पोझिटच. ‘हसताना काळं दिसतं’ म्हणून येणारी दोन-तीन वर्षांची पोरं बहुतेक रात्री बाटलीनं दूध पीत झोपणारी असतात. आपल्याकडे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध म्हणजे अभिमानाची गोष्ट, आणि ते प्यावंच. पण झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं, की वरचे चार दात गेलेच म्हणून समजा. आणि हो, गूळ. ‘आम्ही साखर देत नाही, गूळच देतो’ असं अभिमानानं सांगतात. जंतूंना गूळ आणि साखर एकच. काकवी तर दातांच्या फटीत जाऊन बसते. गुऱ्हाळं सुरू झाली की माझ्याकडची गर्दी वाढते, हे मी गमतीनं सांगते, पण ते पूर्ण गमतीचं नाही.

चांदी. आई-वडिलांच्या दाढेत दिसते ती करडी-काळी चांदी, अमाल्गम. त्यात साधारण निम्मा पारा असतो. टिकते खूप, ओलावाही चालवून घेते. पण पाऱ्याचं प्रदूषण थांबवण्यासाठी झालेला मिनामाटा करार 2017 पासून लागू आहे आणि भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला. त्यात 2022 मध्ये दुधाचे दात, पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी अमाल्गम टाळायचं ठरलं. डॉक्टरांना अगदीच गरज वाटली तर अपवाद. मी मुलांना ती भरत नाही. मात्र आधी भरलेली चांगली चांदी घाबरून काढायची गरज नाही. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

कॅप. इथं मी थोडं जास्त बोलणार, कारण कोल्हापुरात सगळ्यात जास्त नकार हिलाच मिळतो. "चांदीचा दात? पोरीला?" आजी म्हणतेच. पण दोन बाजू गेलेल्या, चार-पाच वर्षं अजून काढायच्या असलेल्या दुधाच्या दाढेला स्टेनलेस स्टीलच्या कॅपइतकं टिकणारं काही नाही. 1950 सालापासून ती वापरात आहे आणि कुठल्याही भरलेल्या मालापेक्षा ती सरस ठरत आली आहे. दाढेला भिंत नसली तरी कॅप ही सगळीकडून घातलेली नवी भिंत.

आणि आता ती बसवायला दर वेळी दात कोरावाही लागत नाही. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी वापरलेली पद्धत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. नस निरोगी असेल तर कीड आतच ठेवून, इंजेक्शन न देता, ड्रिल न लावता कॅप बसवायची. बाहेरचा रस्ता बंद झाला, खायला साखर मिळाली नाही की आतले जंतू आळसावतात आणि कीड थांबते.

मी ती अशी बसवते. तीन-चार दिवस आधी दाढांच्या फटींत निळ्या रबराच्या बारीक रिंगा घालते. त्यांनी थोडी जागा होते. त्या दिवशी ‘माशाचं काटं अडकल्यासारखं’ वाटतं असं पोरं सांगतात, तेवढंच. नंतर येतं तेव्हा रिंगा काढून मापाची कॅप निवडते, त्यात सिमेंट भरते, दाढेवर ठेवते आणि म्हणते, "आता ऊस चाव." पोर चावतं आणि कॅप ‘कट’ असा आवाज करत बसते. हिरडी क्षणभर पांढरी पडते, आई घाबरते, दहा मिनिटांत ती परत गुलाबी होते. पोराला चावताना दाढ उंच वाटते, पण दोन-तीन आठवड्यांत जबडा सरावतो. रात्रीचा ठणका, पू किंवा सूज असेल तर मात्र ही पद्धत चालत नाही.

कॅपमध्ये निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी पोराच्या कानाला पुरळ येत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. पांढरी हवी तर झिरकोनियाची कॅप मिळते. ती दिसायला देखणी, पण दाढ जास्त कोरावी लागते, पोरानं शांत बसावं लागतं आणि खर्चही बराच जास्त. मागच्या, दिसणार नाहीत अशा दाढांना स्टीलच बरी, असं माझं मत. दात पडायची वेळ आली की कॅप दातासकट पडते. एका पोरानं तसा दात काडेपेटीत घालून मला दाखवायला आणला होता. कौलावर टाकायच्या आधी मॅडमला दाखवायचाच, असं त्यानं ठरवलं होतं.

काळं औषध. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, अडतीस टक्के. बारीक ब्रशनं किडीवर लावायचं, मिनिटभर थांबायचं. इंजेक्शन नाही, मशिन नाही. जपानमध्ये अनेक दशकांपासून वापरात आहे. कीड थांबते आणि दगडासारखी कडक होते. किंमत एकच: किडलेला भाग कायमचा काळा होतो. दोन वर्षांचं पोर, तोंडभर किडलेले दात, आणि कशालाच बसत नाही, अशा वेळी मी हेच सुचवते. मात्र लावायच्या आधी दोन फोटो दाखवते, लावण्यापूर्वीचा आणि नंतरचा, आणि घरातल्या सगळ्यांची संमती घेते. आजीला न विचारता लावलं की घरात महाभारत. त्वचेला लागलं तर डाग आठवड्या-दोन आठवड्यात जातो, कपड्याला लागला तर जात नाही. सहा महिन्यांनी परत लावावं लागतं. पुढं पोर शांत बसायला लागलं की त्यावर ग्लास आयोनोमर भरून दात पांढरा करता येतो. चांदीची ॲलर्जी असलेल्यांना आणि पू झालेल्या दाताला हे लावत नाहीत.

डॉक्टरांना काय विचारायचं

‘सिमेंट कुठल्या कंपनीचं?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे विचारा: ही दाढ दुधाची की कायमची, आणि पडायला किती वर्षं आहेत? किती बाजूंना कीड आहे, एक्स-रे दाखवाल का? नस बरी आहे ना? काही न भरता तीन महिने बघितलं तर काय होईल? आणि तुटलं तर परत भरायचे वेगळे पैसे का? पाचवा प्रश्न विचारायला लाजू नका, कोल्हापुरात तर व्यवहार रोखठोकच असतो.

पावतीवर नुसतं ‘फिलिंग’ असं लिहिलेलं घेऊ नका. मटेरियलचं नाव, दाताचा नंबर आणि तारीख लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर त्यांना त्यातून अर्धी गोष्ट कळते.

खर्चाचं गणित असं: ग्लास आयोनोमर सगळ्यात स्वस्त, कॉम्पोझिट त्याहून जास्त, स्टीलची कॅप सुरुवातीला महाग वाटते पण तीनदा सिमेंट भरून तुटलेल्या दाढेपेक्षा शेवटी स्वस्तच पडते. खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेजात जा. तिथं विद्यार्थी असल्यानं वेळ जास्त लागतो, म्हणून शाळेची सुट्टी बघून जा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते पोरांचे दातही बघतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर दप्तरात पडू देऊ नका.

भरल्यानंतर

ग्लास आयोनोमर भरलं असेल तर तासभर काही खायला देऊ नका आणि त्या दिवशी त्या बाजूनं कडक काही चावू देऊ नका. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस लागतो. कॉम्पोझिट लाइटनंच घट्ट होतं, लगेच खाता येतं. पण इंजेक्शन दिलं असेल तर दोन-तीन तास पोरावर नजर ठेवा. ओठ बधिर असतो, पोर तो गंमत म्हणून चावत बसतं आणि संध्याकाळी ओठ सुजून पाण्याच्या फुग्यासारखा होतो. अशा वेळी मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे ‘इन्फेक्शन झालं’ म्हणून असतात, आणि निघतो चावलेला ओठ.

कॅप बसवली असेल तर चिक्की, च्युइंगगम आणि गुळाचे खडे टाळा. ब्रश कॅपच्या आणि हिरडीच्या कडेवर नीट फिरवा. तीन वर्षांखालच्या पोराला ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि पेस्टवर हजार पीपीएम फ्लोराइड लिहिलंय का ते बघा. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईनं किंवा बाबानंच करावा. पोर स्वतः करतंय असं वाटतं, पण ते पेस्ट खात असतं.

दर सहा महिन्यांनी दाखवा, भरलेल्या मालाची कड तपासायला आणि सहाव्या वर्षीच्या त्या कायमच्या दाढेवर लक्ष ठेवायला. ती दाढ खोल खाचांची असेल तर कीड लागायच्या आधीच वरून सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, लावून घ्या. त्याला कोरायला लागत नाही.

आणि गालावर किंवा हनुवटीखाली सूज आली, ती डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकायला लागली, ताप चढला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर क्लिनिक उघडायची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. सिमेंटचं मग बघू.